बाईंचं जुन्या तांदळाचं मडकं

बाई गेल्याचा निरोप आला तेव्हा माझ्या हातात मिठाची वाटी होती. रविवार होता. बल्लारपूरच्या आमच्या देवळामागच्या पडवीत पंगत बसली होती, आणि ऐंशी उलटलेल्या बायकांना आमच्या मंडळीत जे एकच काम उरतं, ते पानाच्या कोपऱ्यात मीठ वाढायचं काम मी करत होते. आम्ही मराठी ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो. दर रविवारी उपासना झाली की ज्यांना घर नाही, चूल नाही अशा माणसांना तिथे जेवायला वाढतात. बाईंचा मुलगा विनय पायरीशी येऊन उभा राहिला. चपला काढेना, वर येईना. त्याच्या उभं राहण्यावरूनच मला काय ते कळलं. जवळ गेले तर हळूच म्हणाला, "काकू, आई गेली." मी त्याला म्हटलं, "पंगत उठू दे." आणि उरलेल्या पानांवर मीठ वाढलं. ऐकणाऱ्याला हे कठोर वाटेल, पण पंगत अर्धी टाकून मी धावत गेले असते तर बाई मेलेल्या उठून मला रागावल्या असत्या. नंतर घरी जाऊन मी भरपूर रडले, अगदी पदर भिजेपर्यंत... पण ते नंतर.

एस्तेरबाई माझ्या थोरल्या जाऊ. मी त्यांना बाई म्हणायचे आणि त्या मला लहानी. नगरहून लग्न होऊन मी बल्लारपुरात आले तेव्हा कागदाचा कारखाना नवानवा सुरू झाला होता. माझे यजमान तिथे कारकून आणि थोरले दीर रेल्वेत गार्ड, त्यामुळे आम्ही सगळे रेल्वेच्या क्वार्टरमध्ये दोन खोल्यांत राहत होतो. पहिले काही दिवस मला बाईंचं बोलणं समजत नसे आणि त्यांना माझ्या बोलण्याचं हसू येत असे. मी काहीही सांगू लागले की त्या हातातलं काम थांबवून विचारायच्या, "लहानी, तू बोलून राह्यली का वाचून दाखवून राह्यली?" मी चिडायचे. मी मॅट्रिक आणि त्या चौथी पास, त्यामुळे माझ्या चिडण्याला जरा धारही असे. बाईंवर मात्र त्याचा काडीचा परिणाम होत नसे. मोठं कपाळ, जाड वेणी, चालताना पायांचा दणदण आवाज, आणि कुणी आजारी असलं की हाच आवाज एकदम बंद होई. मला ताप आला होता तेव्हा त्या खोलीत कधी येऊन जात, ते कपाळावरची पट्टी गार लागली की कळायचं.

रविवारचं जेवण त्यांनीच सुरू केलं, असं आता देवळाच्या वार्षिक सभेत सांगतात. खरं म्हणजे ते आपोआप सुरू झालं. बल्लारशा म्हणजे आमच्या गावचं स्टेशन मोठं, दिल्लीहून मद्रासकडे जाणाऱ्या गाड्या तिथे पाणी-कोळसा घेत. त्या गाड्यांतून माणसं उतरत आणि काही तिथेच राहून जात. कारखान्यात काम मिळेल म्हणून आलेले, बांबूतोडीच्या जंगलात, कूपात, हातपाय मोडून घेतलेले, घरच्यांनी गाडीत बसवून दिलेले म्हातारे... मालधक्क्याच्या छपराखाली ही सगळी वस्ती. आमच्या मंडळीतल्या बायकांची एक जुनी रीत होती, अजूनही आहे. रोज भात टाकताना एक मूठ तांदूळ बाजूला काढायचा आणि रविवारी देवळात नेऊन एका पोत्यात ओतायचा. ते पोतं भरलं की विकून देवळाच्या कामाला लावत. दिरांना डबा द्यायला बाई मालधक्क्यावरून जात. एका रविवारी त्यांनी कुणाला न विचारता पोत्याचं तोंड सोडलं, देवळामागे तीन दगड मांडले आणि भात शिजवला. सभा झाली, बोलणी बसली. पण तोवर माणसं जेवून गेली होती आणि पुढच्या रविवारी पुन्हा आली.

पळसाच्या पत्रावळी, भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि असेल तेव्हा अंबाडीची भाजी. एवढाच बेत. वाढायला आम्ही सात-आठ बायका, आणि लाकडं फोडायला एक-दोन पुरुष, तेही बायकोने पाठवले म्हणून आलेले. पाळकसाहेब जेवणाआधी प्रार्थना करत. भला माणूस, पण प्रार्थनेला बसला की बायबलातल्या उत्पत्तीपासून सुरुवात करायचा. माणसं पानावरच्या वाफेकडे बघत बसलेली असायची. बाई थोडा वेळ दम धरायच्या आणि मग पातेल्यावरचं झाकण जरा आवाज होईल असं ठेवायच्या. पाळकसाहेबांनी एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, हाताला चटका बसला. तो चटका त्यांना दर रविवारी बसू लागला आणि हळूहळू प्रार्थना आटोपशीर झाली. बाईंचा अजून एक नेम होता. वाढणाऱ्यांनी शेवटी त्याच पडवीत, त्याच पत्रावळीवर जेवायचं. घरी जाऊन जेवलेलं त्यांना चालत नसे. मला सुरुवातीला ते जड गेलं, मग सवय झाली, आणि आता तर आठवड्यातलं तेच एक जेवण मला चवीचं लागतं.

पुसू आमच्याकडे आला तो पावसाळ्याच्या तोंडावर. भामरागडच्या आतल्या कुठल्याशा गावचा माडिया गोंड म्हातारा. ठेकेदाराच्या बांबूच्या ट्रकवर बसून कामाला आला होता, उतरवताना मोळी पायावर पडली. पाय बांधून झाला, पण तोवर ठेकेदार गेला आणि नद्या चढल्या. त्या काळी पावसाळ्यात तिकडचा रस्ता बंद म्हणजे बंद, दिवाळी होऊन जाईपर्यंत कुणी येत नाही की जात नाही. पुसू काठी टेकत मालधक्क्यावर राहिला. मराठी त्याला मोजकीच येई. आपल्या गावी तो पेरमा होता, म्हणजे गावाच्या देवांचं करणारा. हे त्याने बाईंना कधीतरी सांगितलं होतं आणि बाईंनी मला. अंगावर जेमतेम कपडा, पण पंगतीत असा बसायचा की त्याच्या पानावर वाढताना आपोआप जरा वाकलं जाई. फुकट जेवणं त्याला पटत नसावं. शनिवारीच येऊन पळसाची पानं घेऊन बसे आणि बारीक काड्यांनी पत्रावळी टाचून ठेवी. त्याच्या पत्रावळीतून वरण कधी गळलं नाही. त्याच्याशेजारी आंधळी नरसम्मा बसायची. ती तेलुगूत बोले, तो गोंडीत, आणि दोघांचं छान चाले.

रविवारी आमच्याकडे, इतर दिवशी बाई घरचा भात डब्यात घालून पाठवत. असे तीन-चार महिने गेले. आश्विन सरता सरता एका रविवारी पुसू पंगतीत बसला, पानावर भात पडला, त्याने तो हातात घेतला, नाकाशी नेला आणि परत ठेवला. मग पान अलगद नरसम्मापुढे सरकवलं आणि उठून गेला. आम्हाला वाटलं, पोट बिघडलं असेल. सोमवारी डबा तसाच परत आला. मंगळवारीही तसाच. बाईंनी ज्वारीची भाकरी करून पाठवली, ती त्याने पाण्यात भिजवून थोडीफार खाल्ली, पण तोंडात दात नव्हते आणि पोटाला सवय नव्हती. हगवण लागली, वर ताप चढला. रेल्वेच्या दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, याला तांदळाच्या पातळ पेजेवाचून काही देऊ नका. आणि तांदळालाच तर म्हातारा तोंड लावेना.

आता यावर मंडळीत काय काय तर्क निघाले! एक म्हणाली, कुणीतरी करणीची भीती घातली. दुसरी म्हणाली, त्याला राग आला, कारण मागच्या खेपेला वरण कमी पडलं. आमच्यातले ज्येष्ठ सभासद दाऊदभाऊ, फार धोरणी माणूस, त्यांना वेगळीच काळजी लागली. त्या दिवसांत मिशनच्या लोकांकडे गावातले काही जण संशयानेच बघत, जेवू घालून बाटवतात असं उघड बोलत. दाऊदभाऊंचं म्हणणं, या म्हाताऱ्याने आपल्या पडवीत अन्न टाकलं आणि उद्या आपल्याच पडवीत डोळे मिटले, तर बाजारात आपल्या नावाने काय बोलतील? बाई ऐकत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं की म्हाताऱ्याला कुणी विचारलं का. कुणीच विचारलं नव्हतं. आम्ही सगळे त्याच्याविषयी बोलत होतो.

मग बाई मालधक्क्यावर गेल्या आणि मला बरोबर नेलं. मला सातवा संपून आठवा लागला होता, मी पोत्यावर टेकले. बाई पुसूसमोर जमिनीवर बसल्या. त्यांनी डब्यातल्या भाताकडे बोट केलं आणि विचारलं, "काऊन नाई खात, पुसूभाऊ?" म्हातारा तापलेल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत राहिला. मग भाताचं एक शीत चिमटीत धरून म्हणाला, "नवा." आणि हात उचलून नदीपलीकडे, आपल्या गावाच्या दिशेला दाखवला. "तिथं पंडुम नाई झाला. देवानं नाई खाल्ला. मी कसा खाऊ?"

पंडुम म्हणजे त्यांचा सण. नवं धान, नवा आंबा, नवा मोह, जे काही त्या वर्षी पहिल्यांदा येईल ते आधी देवांना आणि वाडवडिलांना द्यायचं, सगळ्या गावाने मिळून, आणि मगच तोंडात घालायचं. हा तर पेरमा. गावाच्या आधी त्याने खाल्लं तर गावाचंच वाईट होणार, असं त्याच्या मनात पक्कं. आणि आमच्या पोत्यात नवा तांदूळ आला कसा? आम्हीच आणला होता! शेतीवाल्या बायकांचं हलकं, लवकर पिकणारं धान निघालं होतं आणि पहिल्या धानाची पहिली मूठ देवाची म्हणून त्यांनी ती मोठ्या हौशीने देवळाच्या पोत्यात ओतली होती. घरच्या डब्यातही तेच, आम्हाला कुणीतरी पायलीभर आणून दिलेला. नवा आणि जुना असा मिसळला होता की निवडायची सोय नव्हती. परतताना बाई रुळांवरून चालत होत्या आणि पायांचा आवाज येत नव्हता.

रविवारी उपासनेनंतर त्यांनी हे सगळ्यांसमोर मांडलं आणि मंडळीला सांगितलं की पुसूसाठी जुना तांदूळ वेगळा शिजवायचा. दाऊदभाऊ म्हणाले, आज हा जुना मागतो, उद्या दुसरा येऊन महागाचा चिन्नोर तांदूळच पाहिजे म्हणेल. थोडं हसणं झालं. पाळकसाहेब हसले नाहीत. त्यांची अडचण खरी होती. ते म्हणाले की भुकेल्याला द्यायला ना नाही, पण त्याच्या देवाचा नेम आपण देवळाच्या चुलीवर पाळला, तर ते आपण त्या देवाला मानल्यासारखं होईल, आणि लोकांना काय शिकवण जाईल? सगळे बाईंकडे बघू लागले. बाई चिडल्या तर काय बोलतील याचा नेम नव्हता. पण त्या हळू आवाजात बोलल्या. "पाळकसाहेब, मी त्याच्या देवाले नाई वाढून राह्यली. म्हाताऱ्याले वाढून राह्यली. आन आपन बी त पहिली मूठ देवळात आनतो, मंगच घरी खातो. मंग त्यानं वेगळं काय केलं?"

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "देवळाच्या चुलीचं मी सांगू शकतो, बाई. तुमच्या घरच्या चुलीवर काय शिजतं ते मी विचारणार नाही." आज मी त्या उत्तराचा विचार करते तेव्हा वाटतं, त्या माणसाने फार चांगलं केलं. त्या वेळी मात्र मला ते पळपुटेपणाचं वाटलं होतं. बाईंना ते पुरेसं होतं. त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि तांदूळ शोधायला निघाल्या.

जुना तांदूळ म्हणजे काही हिरे-माणकं नव्हेत, पण त्या वर्षी तो मिळेना. आदल्या साली धान बुडालं होतं, लोकांच्या कणग्या पोळ्यालाच खरवडून झाल्या होत्या. बाजारातल्या वाण्याने छातीवर हात ठेवून सांगितलं की माझ्याकडचा अस्सल जुना, मागच्याच्या मागच्या सालचा. बाईंनी तो शिजवून नेला. पुसूने डब्याचं झाकण काढलं, नाक खाली नेलं आणि झाकण परत लावलं. बाई तो डबा तसाच घेऊन वाण्याच्या दुकानात गेल्या आणि गिऱ्हाइकांसमोर त्याच्या नाकाखाली धरला. वाणी म्हणाला, बाई, थोडासा नवा मिसळला असेल, त्याने काय माणूस मरतो? बाई म्हणाल्या, हो, मरून राह्यला. दिवस जात होते. पुसू पाण्यावर आणि गुळाच्या खड्यावर पडून होता. नरसम्मा त्याच्या डोक्याशी बसून काहीतरी गुणगुणायची.

आणि हे सगळं चाललेलं असताना आमच्याच घरात, माझ्या खाटेखाली, मडकंभर जुना तांदूळ होता. माझं बाळंतपण आज ना उद्या येईलच म्हणून बाईंनी स्वतः तो वर्षभर जपला होता. लुचई जातीचा, पांढरा शुभ्र, कडुनिंबाचा पाला घालून तोंड बांधलेला. बाळंतिणीला नवा भात देत नाहीत, पोटाला जड पडतो, बाळालाही बाधतो, असं सगळेच मानायचे. दिरांना भूक लागली तरी त्या मडक्याला हात लावायची परवानगी नव्हती. मला ते मडकं आठवलं नव्हतं असं नाही. मी वाट बघत होते की बाई मागतात का, आणि मनातून वाटत होतं की मागू नयेत. पहिलं बाळंतपण, माहेर तिकडे दूर नगरला, आई नाही जवळ... भीती वाटत होती आणि त्या मडक्याचा आधार वाटत होता. एका दुपारी बाई खाटेशी येऊन जमिनीवर बसल्या. माझ्याकडे न बघता साडीचा काठ चाचपत म्हणाल्या, "लहानी, तुहा तांदूळ मांगून राह्यली मी. तू नाई म्हनली तरी मले राग नाई येनार."

मी विचारलं, मग मी काय खाऊ? बाईंनी खरं सांगितलं की त्यांना माहीत नाही. पण तुला मी उपाशी ठेवणार नाही, एवढं बोलल्या. मला रडू आलं आणि रडतच मी पायाने ते मडकं खाटेखालून बाहेर ढकललं. वाकता येत नव्हतं, म्हणून पायाने. बाई नंतर वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगायच्या की आमच्या लहानीने लाथ मारून दान केलं.

त्या दिवशी पेज घेऊन गेलो तेव्हा पुसूला उठवून बसवावं लागलं. त्याने नेहमीसारखा वास घेतला. मग त्याने वाटीतलं दोन बोटांनी जमिनीवर सांडलं, ओठांतल्या ओठांत काही म्हटलं आणि वाटी तोंडाला लावली. एका दमात संपवली. रिकामी वाटी पुढे करून बाईंकडे बघत राहिला. बाईंनी पुन्हा भरली. त्या रडत नव्हत्या, पण पेज वाढताना सगळी बाहेर सांडवत होत्या, आणि त्यांच्या हातून अन्न सांडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

पुढे ताप उतरला, पुसू काठी घेऊन बसू लागला, पत्रावळी टाचू लागला. या सगळ्यात एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. बाई भात खात नव्हत्या. रविवारी पडवीत सगळ्यांबरोबर बसत, पण पानावर घरून आणलेली भाकरी. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, म्हाताऱ्याने नवा खाल्ल्याचं कळेपर्यंत आपणही खायचा नाही, असं ठरवलंय. मी म्हटलं, हे कुठल्या शास्त्रात आहे? तर म्हणाल्या, "शास्तर नाई. तो समोर बसते आन मले भात उतरत नाई, एवढंच." धानाच्या मुलखात, झाडीपट्टीत जन्मलेली बाई, तीन वेळा भात खाणारी, आणि महिना दीड महिना भाकरीवर. वाळली चांगलीच. दिरांना वाटायचं, कारखान्याच्या वासाने भूक मेली.

नद्या उतरल्यावर पुसूचा पुतण्या त्याला शोधत आला. दोघांनी मिळून एक रात्र मालधक्क्यावर काढली आणि सकाळी निघाले. जाताना पुसू देवळामागे आला, चुलीच्या तीन दगडांना हात लावून कपाळाला लावला आणि गेला. नरसम्मा बरेच दिवस त्याच्या जागेवर कुणाला बसू देत नसे. नाताळच्या जरा आधी मला मुलगी झाली. माझ्या वाट्याला बाळंतपणात गव्हाची लापशी आणि ज्वारीची उकड आली आणि मी ठणठणीत राहिले. बाईंनी मला उपाशी ठेवलं नाही. त्या मुलीला, सुमनला, आजही भाताचं फारसं प्रेम नाही. तिचा वाटा तिच्या जन्माआधीच दुसरं कुणी जेवून गेलं, असं आम्ही तिला चिडवतो.

आणि नाताळाच्या आठवड्यातच तो पुतण्या पुन्हा दारात उभा राहिला. बांबूच्या ट्रकवर बसून आला होता. त्याच्या हातात पानांत बांधलेला नवा तांदूळ होता, वरून सालीच्या दोरीने घट्ट आवळलेला. तो एवढंच म्हणाला की पंडुम झाला, देवांनी खाल्लं, काकाने खाल्लं, आता बाईला खायला सांगितलं आहे. म्हाताऱ्याला ते कसं कळलं होतं कोण जाणे. समोर बसून पत्रावळी टाचणारा माणूस, त्याने बाईंचं पान पाहिलं असणार. बाईंनी तो तांदूळ लगेच धुतला, शिजवला, आणि माझ्या खाटेशी बसून नुसत्या मिठाशी खाल्ला. मधेच थांबून म्हणाल्या, "लय गोड हाय, लहानी." दुसऱ्या देवाला दाखवलेला तांदूळ खाल्ला, हे त्यांनी दाऊदभाऊंना कधी सांगितलं नाही. आज मी इथे लिहिते आहे. दाऊदभाऊही आता वर आहेत, काय विचारायचं ते तिथे बाईंनाच विचारतील. उत्तर ऐकायला मी तिथे नाही, याचंच वाईट वाटतं.

पुसू पुन्हा काही आला नाही. पण बाईंनी ते मडकं दर वर्षी भरलं. नवा तांदूळ आला की त्यातला थोडा मडक्यात, कडुनिंबाचा पाला, तोंडाला फडकं. पुढच्या वर्षी नवा आला की तो जुना काढून पंगतीत मिसळायचा आणि मडकं पुन्हा भरायचं. मी म्हणायचे, बाई, तुम्ही तांदूळ नाही, त्यातले सोंडेकिडे पाळता. त्या म्हणायच्या, ज्याचे देव अजून जेवले नाहीत असा कुणी येईन, तवा त्याले सोंडे निवडून देजो. नातवंडं झाली, क्वार्टर सोडून घर झालं, घरात फ्रीज आला, पण स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातलं मडकं हललं नाही. शेवटच्या भेटीत त्या खाटेवर पडूनच होत्या. बोलणं क्षीण झालं होतं. मी देवळातलं सगळं सांगत बसले, कोण आलं, कोण नाही, भाजी कसली होती. त्यांनी मध्येच डोळे उघडले आणि म्हणाल्या, "वाचून दाखवून राह्यली का?" आणि हसल्या. मीही हसले. ते बरं झालं, असं आता वाटतं.

त्यांना जाऊन काही आठवडे झाले आणि बाजारात नवा तांदूळ आला. सुनेने कौतुकाने भात केला, घरभर वास सुटला. मी पानावर बसले, घास उचलला आणि खाली ठेवला. सून घाबरली, तब्येत बिघडली का विचारू लागली. तब्येतीला काही झालं नव्हतं. आमच्या धर्मात गेलेल्या माणसाला पान वाढत नाहीत, हे मला ठाऊक आहे. लहानपणापासून देवळात जाते मी. पण बाईंनी यंदाचा नवा खाल्ला नव्हता... मी कसा खाऊ? मी विनयला सांगून ते मडकं आणवलं आणि माझ्यापुरता त्यातलाच भात शिजवू लागले. सोंडे निवडताना डोळ्यांना दिसत नाही, म्हणून नातीला बसवते. ती म्हणते, आजी, हे काय नवीन खूळ? मी म्हणते, जुनंच आहे.

गेल्या रविवारी कापणीचा सण झाला. मी नव्या तांदळाची पहिली मूठ, खरं तर दोन मुठी, देवळाच्या पोत्यात ओतल्या. एक माझी आणि एक कुणाची ते देवाला माहीत आहे. मग पडवीत पंगत बसली. मीठ वाढायचं काम मी त्या दिवशी दुसरीला दिलं आणि भाताचं पातेलं मागून घेतलं. सगळ्या कुरकुरल्या, पडाल म्हणाल्या, पण दिलं. ओळीच्या शेवटी एक नवाच माणूस होता, बसस्टँडवर झोपतो म्हणे, दाढी वाढलेली, मान खाली घालून जेवत होता. त्याच्या पानावरचा भात संपला. त्याने वर बघितलं आणि म्हणाला, "अजून वाढा, बाई."

मी वाढला, त्या दुसऱ्या मुठीतला समजून. तो जेवून उठला, मग मी त्याच पडवीत पत्रावळीवर बसले आणि नवा भात वरणाशी पोटभर खाल्ला. गोड होता. घरी आल्यावर मडक्यात उरलेला जुना तांदूळ पुढच्या पंगतीसाठी काढला, मडकं पुसून उन्हात ठेवलं, आणि संध्याकाळी त्यात यंदाचा नवा तांदूळ भरून वर कडुनिंबाचा पाला पसरला आणि तोंड बांधलं. पुढच्या वर्षापर्यंत तो जुना होईल.